अण्णांच्या डब्यातला टाकणखार

पहिलंच सांगून टाकतो मंडळी – भूत, प्रेत, हडळ, देवचार यांपैकी कुणीही माझ्या दारात येऊन उभं राहिलं, तर मी आधी त्याला चपला बाहेर काढायला लावीन आणि मग मिसळ तिखट चालते का विचारीन. माझा या गोष्टींवरचा विश्वास एवढाच. पन्हाळ्याच्या वाटेवर पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते म्हणतात. त्या रस्त्यानं मी हजारदा गेलो असेन, मला एकदाही कुणी हात केला नाही. उलट एकदा माझीच गाडी पंक्चर झाली म्हणून मी पांढरा शर्ट घालून हात करत उभा राहिलो, तर येणाऱ्या गाड्या अशा काही पळाल्या की बस्स. त्या वाटेवरचं भूत नक्की कोण, हे तुम्हीच ठरवा.

दुसरं सांगतो, कारण आमचे गल्लीवाले हा ग्रुप वाचतात आणि खाली कमेंटमध्ये ते सांगणारच आहेत – मला थोडं वाढवून बोलायची सवय आहे. राजारामपुरीत आमच्या गल्लीची रीतच आहे, की माझ्या गोष्टीतलं निम्मं वजा करायचं आणि उरलेलं चहात बुडवून खायचं. हरकत नाही. पण आज जे लिहितोय त्यात वरचा तवंग माझा असेल, खालचा रस्सा जसा घडला तसाच आहे. आईशप्पथ.

मी शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर. दिवसभर लोखंडाचा रस बघायचा आणि सुट्टीदिवशी फिल्मचे रोल धुवायचे, हा माझा धंदा आणि हा माझा नाद. मोबाईलच्या जमान्यात काळ्यापांढऱ्या फिल्मवर फोटो काढणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच... बरं, चार-पाच असतील. बायकोचं – सुनंदाचं – म्हणणं असं, की तिनं लग्न एका माणसाशी केलं आणि संसार एका न्हाणीघराशी करतेय, कारण न्हाणीघर कायम माझ्या ताब्यात. खिडकीला मी कुठल्यातरी भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा करून ठोकलाय. उजेड अडवायला त्याच्यासारखं काही नाही.

रोल धुणं म्हणजे काय हे नव्या पोरांना माहीत नसणार, म्हणून थोडक्यात सांगतो. फोटो काढला की फिल्मवर चित्र उमटलेलं असतं, पण दिसत नाही. रसायनाच्या पाण्यात घातल्यावर जिथं जिथं उजेड पडलाय तिथली चांदी काळी होते आणि चित्र दिसायला लागतं. हो – फिल्मवर चांदीच असते. मी वापरतो ती दोन पाण्यांची पद्धत. पहिल्या पाण्यात खरा मसाला. फिल्म तो पिऊन घेते, पण काम सुरू होत नाही. मग ती मध्ये न विसळता दुसऱ्या पाण्यात घालायची. त्यात नुसता टाकणखार, सोनार लोक सांधे जोडताना डाक लावायला वापरतात तोच. टाकणखार लागला की प्यालेला मसाला खडबडून जागा होतो आणि चित्र वर येतं. मऊ, सावकाश, जुन्यापान्या फिल्मलाही न दुखवणारी पद्धत आहे ही. कोल्हापूरचा माणूस असल्यामुळं मी त्या दोन पाण्यांना रश्शासारखं तांबडा आणि पांढरा म्हणतो. नावं नुसती लाडाची, दिसायला दोन्ही नळाच्या पाण्यासारखीच.

एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेवा. तांबड्याशिवाय नुसत्या पांढऱ्यात फिल्म वर्षभर बुडवून ठेवली, तरी त्यावर माशीचा पायसुद्धा उमटत नाही.

आता ताराक्का. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. मूळच्या हुपरीकडच्या जैन, बोलण्यात थोडं कानडी. मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचे यजमान भूपाल अण्णा हुपरीत चांदीकाम करायचे. पैंजणं. घरातच कारखाना. अण्णांना जाऊन वीसेक वर्षं झाली. ते गेल्यावर आक्का मुलाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात आल्या. मुलगा आता पुण्याला नोकरीला, आक्का इथं एकट्या. मी त्यांना कधी कुणाकडं काही मागताना पाहिलं नाही. लिंबूसुद्धा उसनं न्यायच्या नाहीत.

त्या आक्का गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी जिना चढून वर आल्या. हातात पिशवी, पिशवीत जुना कॅमेरा.

आधी त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नसते, उरलीय ती जितकी टिकेल तितकी आपली. कडेकडेचं दिसायचं आधीच बंद झालं होतं. आक्का हे असं सांगत होत्या, जसं काय दुधवाला उद्यापासून यायचा नाही.

मग म्हणाल्या, "डोळं जाणार त्याचं न्हाय रं काय. पण डोळं मिटलं की मला भिंतीवरचा तो कोटवाला दिसतोय. आमचं हे दिसंनात."

भिंतीवरचा कोटवाला मला माहीत होता. अण्णांच्या कुठल्याशा ओळखपत्रावरच्या फोटोवरून स्टुडिओवाल्यानं मोठा करून दिलेला. अंगात रंगवलेला निळा कोट, ओठ गुलाबी, डोळे कुठंतरी तिसरीकडं. हार घातला नसता तर कुणीतरी पावणा समजून चहा दिला असता. बाकीचे फोटो महापुरात गेले. आक्का तेव्हा नदीकडच्या भागात राहायच्या, अल्बम पाण्यात फुगून पुरणपोळी झाला, कॅमेरा तेवढा माळ्यावर होता म्हणून वाचला. आणि तसेही त्या अल्बममध्ये अण्णा फारसे नव्हतेच, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. पैंजणांचे नमुने गिऱ्हाइकांना दाखवायला ते फोटो काढायचे, आणि ते पण काळेपांढरेच. चांदी रंगीत फोटोत शोभत नाही, असं त्यांचं ठाम मत.

"ह्या रोलात समदी पैंजणं हायत," आक्का म्हणाल्या. "शेवटचा एक फोटो तेवढा मी काढलाय. त्यांचा."

त्याची गोष्ट अशी. दोघं एकदा एसटीनं पन्हाळ्याला गेलेले. तटावर अण्णांनी कॅमेरा आक्कांच्या हातात दिला आणि म्हणाले, हे बटण दाब. आक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरलेला, बोट नेमकं काचेपुढं. अण्णा हसत हसत हात पुढं करून ओरडले, बोट काढ, बोट काढ. त्याच झटक्यात आक्कांनी बटण दाबलं. खाली येईपर्यंत अण्णा त्यांना चिडवत होते, की तुझ्या बोटाचा फोटो झकास आलाय, घरात फ्रेम करून लावू. रोल संपला की धुऊ म्हणाले. रोल संपायच्या आत अण्णा संपले. छातीत दुखायला लागलं आणि हुपरीहून कोल्हापूरला आणेपर्यंत खेळ आटोपला.

मी विचारलं, आक्का, इतकी वर्षं का नाही धुतला?

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोटच आलं असलं तर? धुतला न्हाय तवर फोटो हाय, असं म्हणून ठिवलावता."

मंडळी, मी बोलणारा माणूस. माझ्या तोंडाला कुलूप लावायला शासनानं टेंडर काढलं तरी कुणी भरणार नाही. पण तेव्हा मी नुसता पिशवीतून कॅमेरा काढून हातात घेतला.

मी त्यांना खरं ते सांगितलं. इतकी जुनी फिल्म, धुरकट झालेली असेल, काही येईल याचा भरवसा नाही, आणि एकदा धुतली की पुन्हा संधी नाही. त्या म्हणाल्या, दिसतंय तवर बघू दे, जे आसंल ते. जाता जाता माझ्या टेबलावरचा रिकामा डबा त्यांनी पाहिला. टाकणखार संपलाय म्हटल्यावर हसल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या कारखान्यातला टाकणखाराचा डबाच आणून दिला. झाकण इतकं घट्ट बसलेलं की मी, बाजीराव आणि एक पान्हा असे तिघं लागलो तेव्हा निघालं. त्याच टाकणखाराचा मी नवा पांढरा केला. तांबडा माझ्याकडं तयार होताच, आठवड्यापूर्वीच एक रोल त्यात छान निघाला होता.

बाजीराव म्हणजे माझा मेहुणा, कागलचा. सुनंदाचा भाऊ. दर रविवारी मटणाला हजर. त्याचं नाव बाजीराव आहे पण लढाई तो फक्त ताटाशी करतो.

आणि इथं मला आमच्या फ्रिजचा कायदा सांगायला पाहिजे. सुनंदानं केलेला कायदा आहे – फ्रिजमधली बाटली जो रिकामी करील त्यानंच ती लगेच भरून परत ठेवायची. घरातला असो की पावणा, माफी नाही. हा कायदा मोडणाऱ्याला आमच्यात जेवण मिळतं, पण दुसऱ्यांदा वाढायला कुणी येत नाही. बाजीरावनं हे एकदा भोगलंय. तेव्हापासून तो आमच्या फ्रिजला पोलीस ठाण्यासारखा वचकून असतो. आणि माझा तांबडा उन्हाळ्यात खराब होऊ नये म्हणून मी तो फ्रिजमध्येच ठेवायचो. तपकिरी काचेच्या बाटलीत, भाजीच्या खणात, मागच्या बाजूला. सुनंदा नको नको म्हणत होती. तिचं ऐकायला पाहिजे होतं. आता ती बाटली माळ्यावर ट्रंकेत कुलपात असते.

तर तो रविवार. दुपार. स्वयंपाकघरात मटण शिजतंय, सगळ्या जिन्याला वास. आक्का शुद्ध शाकाहारी, रविवारी आमच्या मजल्याकडं बघतसुद्धा नाहीत. त्या दिवशी मात्र नाकाला पदर लावून आल्या आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. वास तिकडं जाऊ नये म्हणून सुनंदानं मधलं दार लावून घेतलं. त्या रोलाचं आक्कांना केवढं होतं, ते एवढ्यावरून समजा.

मी न्हाणीघरात शिरलो. घोंगड्याखाली हात घालून अंधारात कॅमेरा उघडला. गुंडाळायची कळ गंजलेली, फिल्म तुटते की राहते अशी गत. घामानं मी स्वतःच धुऊन निघालो. शेवटी रोल रिळावर चढवला, डब्यात घातला, झाकण लावलं. आता उजेडाची भीती नाही. पहिली बाटली ओतली. डबा हलवला, वेळ झाली तसं आतलं पाणी परत बाटलीत ओतलं. पाणी जांभळट आलं. जुन्या फिल्मचा रंग सुटतो, तो तसाच येतो. म्हटलं, काम झ्याक चाललंय. मग पांढरा – अण्णांच्या टाकणखाराचा. मग न उमटलेली चांदी काढून टाकणारा हायपो, मग नळाखाली धुणं.

नव्या रोलाआधी फिल्मचा तुकडा बुडवून तांबडा तपासायचा असतो, तो तू का तपासला नाहीस, असं इथले जाणकार विचारणार. आठवड्यापूर्वी चाललेली बाटली कोण तपासतं? तुम्ही रोज मिठाचा डबा चाखून बघता का?

डबा उघडला आणि फिल्म बाहेरून ओढत गेलो. कोरी. बाहेरचा भाग कोरा असणारच, रोल संपलेलाच नव्हता. अजून ओढली. कोरी. काचेसारखी स्वच्छ, पलीकडचा साबण दिसतोय. अजून ओढली... तरी कोरीच. गॅलरीत आक्का बसलेल्या, आणि त्यांना जाऊन काय सांगायचं? दोन-चार थापा मनात तयारही झाल्या. कॅमेराच बिघडलेला होता म्हणू, फिल्म पुढं सरकलीच नाही म्हणू... थापा मारण्यात माझा हात धरणारा नाही, पण त्या दिवशी एकही थाप उभी राहीना.

आणि मग ती चौकट आली.

काळीकुळकुळीत, ठसठशीत, कडा चाकूनं कापल्यासारख्या. मी माझ्या जन्मात इतकी सुरेख निगेटिव्ह काढली नाही आणि हे मी म्हणतोय, ज्यानं स्वतःची स्तुती करायची एकही संधी आजवर सोडलेली नाही. तटाचे दगड, पाठीमागं आभाळ, मध्ये माणूस. हात पुढं केलेला, तोंड उघडं, हसतोय. आणि एका कोपऱ्यात भला मोठा गोल डाग. आक्कांचं बोट.

ओल्या फिल्मचं टोक धरून मी तसाच गॅलरीत पळालो. सुनंदा मागून पाणी पडतंय म्हणून ओरडतेय. आक्कांपुढं फिल्म उजेडावर धरली. कडेचं दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मान वळवत वळवत ती चौकट बरोबर नजरेच्या मध्यावर आणली. बाजीराव दारात भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभा राहिला होता, त्यानं चावायचंसुद्धा थांबवलं.

"बोट आलंय की," आक्का म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. अण्णा चिडवायचे ते त्यांना तिथल्या तिथं ऐकू आलं असणार.

मग हळूच म्हणाल्या, "केस किती पांढरं झालं ह्यांचं."

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळे केस पांढरे, काळ्या मिशा पांढऱ्या. मी समजवायला लागलो, की आक्का ही निगेटिव्ह आहे, उद्या कागदावर काढतो, मग बरोबर दिसेल. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कळतंय मला. चांदीवाल्याची बायको हाय, निगेटिव्ह का बघितल्या न्हाईत मी? पण ऱ्हाऊ दे जरा. माझ्यासंगं म्हातारं झालेलं एकदा बघू दे."

सुनंदा आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला, पण घासायला तिथं भांडी नव्हतीच.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे.

आक्का खाली गेल्यावर मी फिल्म वाळत टांगली आणि नीट बघितली. त्या एका चौकटीच्या पुढं – म्हणजे जिथं पैंजणांचे फोटो असायला पाहिजेत – तिथंही फिल्म कोरीच. एकही पैंजण नाही. मला नवल वाटलं. बरं, फिल्मच्या कडेला कंपनीनं आकडे आणि नाव छापलेलं असतं. तेही उजेडानंच छापतात, म्हणजे फिल्म धुतली की ते आपोआप उमटतात. ते आकडेसुद्धा नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही नाही. त्या चौकटीच्या खालीवरही नाही. फक्त चौकट. पाटी स्वच्छ पुसून मध्ये कुणी एकच चित्र काढून ठेवावं तशी.

जेवायला बसलो. मी हेच बोलत होतो. बाजीराव दुसऱ्या वाटीवर होता. रस्सा तिखट झाला म्हणून तो पाणी प्यायला आणि त्यावरून त्याला आठवलं.

"दाजी, तुमच्या फ्रिजातलं एक पाणी लई खराब झालतं बघा."

मी विचारलं, कुठलं पाणी?

"ती भाजीखालची, तपकिरी बाटली. सकाळी आलो तर बाकीच्या समद्या नुकत्याच भरलेल्या, कोमट. ती काढली, एक घोट तोंडात घेतला न घेतला तोवर थुकला. खारट, नासकं. म्हटलं किती दिवसाचं हाय की. ओतून टाकलं, बाटली खळखळून धुतली, आणि ताजं पाणी भरून होती तिथं ठिवली." आणि मग बहिणीकडं बघून अभिमानानं म्हणाला, "कायदा म्हणजे कायदा."

पहिल्यांदा मी त्याची जीभ बघितली, डोळे बघितले, उलटी होतेय का विचारलं. सुनंदानं ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मला आणि बाजीरावला दोघांनाही झापलं आणि लक्ष ठेवा म्हणाले. बाजीरावला काहीही झालं नाही, त्यानं तिसरी वाटी घेतली. मग मी उठून ती बाटली आणली. वास घेतला – काही नाही. जांभळट झालेलं नळाचं पाणी.

म्हणजे आक्कांचा रोल मी नुसत्या पाण्यातून काढला होता आणि मग टाकणखारात बुडवला होता. तांबडा त्याला लागलाच नव्हता. गाठ मारून ठेवा म्हटलं होतं, ती गाठ आता सोडा.

मी संशयी माणूस. त्याच दुपारी नव्या फिल्मचा तुकडा उन्हात धरला. असा तुकडा जरा जरी मसाला लागला तरी कोळशासारखा काळा व्हायला पाहिजे. तो त्या बाटलीतल्या पाण्यात आणि मग अण्णांच्या टाकणखारात घातला. कोरा निघाला. दुसरा तुकडा घातला. कोरा. मग नवा तांबडा करून त्यात तिसरा तुकडा घातला आणि पुन्हा त्याच टाकणखारात – डांबरासारखा काळा. म्हणजे टाकणखारात काही खास नव्हतं. पाण्यातही नव्हतं. मग ती चौकट कशानं उमटली?

पुण्यातल्या एका जाणत्या फोटोग्राफर मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, डब्यात आधीच्या रोलचा मसाला चिकटलेला राहिला असेल. मी म्हटलं, बरं, राहिला. मग तो सगळ्या फिल्मला थोडाथोडा लागायला पाहिजे, की नेमका एकाच चौकटीला, काटकोनात, कडा सोडून? त्यानं पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारून घेतलं. मग म्हणाला, तू वाढवून सांगतोयस. मी त्याला फिल्म पाठवली. परत पाठवताना त्यानं चिठ्ठी-बिठ्ठी काही ठेवली नाही. फोन केला तर हवापाण्याचं बोलत राहिला.

आक्कांना सांगावं की नाही, यावर मी आणि सुनंदा बरेच दिवस वाद घालत होतो. शेवटी मी सांगितलं. वाटलं घाबरतील, नाहीतर रडतील. त्या तांदूळ निवडत होत्या, बोटांनीच, डोळे बाजूला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यात काय? चांदी हाय म्हणतोस न्हवं त्या फिलिमवर? आन् टाकणखार त्यांच्या डब्यातला. जन्मभर चांदी त्यांचं ऐकायची. एकदा माझंबी ऐकलं आसंल."



मी त्या चौकटीचा कागदावर फोटोही काढून दिला. मोठा, फ्रेम करून. काळे केस, काळ्या मिशा, हसणारा तरणाबांड माणूस आणि कोपऱ्यात बोट. आक्कांनी कोटवाल्याला उतरवून कपाटामागं पाठवलं आणि तिथं हा लावला. बघून खूश झाल्या. पण म्हणाल्या, "लई देखणं हायत. पण ह्ये तर माझ्या लेकाच्या वयाचं दिसाय लागल्यात रं." आणि निगेटिव्ह मागून घेतली. चष्म्याच्या घरात ठेवली. दुपारी उजेड चांगला असला की खिडकीशी बसून ती डोळ्यांपुढं धरायच्या.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. हे लिहिताना पुन्हा एकदा सगळं तपासलं – बाटली, डबा, रीळ, टाकणखार. कुठं काही सापडत नाही. इथं कुणी रसायनशास्त्रवाले असतील त्यांनी सांगावं, मी ऐकून घेईन. माझ्यावर हसायचं असेल तर हसा, त्याचीही सवय आहे.

या पावसाळ्यानंतर आक्कांची नजर जवळजवळ गेलीच. उजेड आणि अंधार एवढं कळतं. आता मी कामावरून आलो की अधूनमधून खाली जातो. त्या चष्म्याचं घर उघडतात, निगेटिव्ह माझ्या हातात देतात आणि म्हणतात, सांग. पहिली अट त्यांनीच घालून ठेवलीय – "वाढवून सांगायचं न्हाय, तम्मा. हाय तेवढंच."

मग मी खिडकीशी उभा राहून ती उजेडावर धरतो आणि आहे तेवढंच सांगतो. तट. आभाळ. हात पुढं केलाय. हसतायत. कोपऱ्यात तुमचं बोट.

"आन् केस?"

"पांढरेशुभ्र आहेत, आक्का."

"मिशा?"

"त्याही."

त्या मान हलवतात, आणि मग मी ती फिल्म परत चष्म्याच्या घरात ठेवतो.